पपनसाच्या बागेचा पत्ता

बेंगळुरूत कोरमंगलाच्या चौकात कोहळ्यांचे ढीग लागले की आयुधपूजा जवळ आली, असे समजावे. टेम्पोच्या मागच्या फळीवर ते राखी अंगाचे, पांढरी भुकटी माखलेले कोहळे एकमेकांना टेकून बसलेले असतात. शेजारी केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे आणि कोपरापासून बोटांपर्यंत मापून विकल्या जाणाऱ्या शेवंतीच्या माळा. रिक्षावाले आपल्या रिक्षा धुऊन त्यांच्या कपाळावर कुंकू रेखतात, चाकांखाली लिंबे ठेवतात. पूजा झाली की प्रत्येक दुकानासमोर कोहळा फुटतो, आत कालवलेले कुंकू रस्ताभर पसरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फोडींवरून दुचाकी घसरतात. अरिष्ट टळावे म्हणून जे फोडले, त्यावरूनच माणूस आपटतो. दरवर्षी हे होते आणि दरवर्षी लोक त्या फोडी तशाच रस्त्यावर टाकून घरी जातात.

मला शेवंतीचा वास पूर्वी आवडत असे. आमच्या निपाणीकडे याच दिवशी, खंडेनवमीला, पाटावर पुस्तके मांडली जात, त्यांवर शेवंतीची दोन फुले ठेवली जात, आणि त्या दिवशी पुस्तक उघडायचे नाही, असा दंडक असे. अभ्यासाची खरी गोडी मला त्या एका दिवसाच्या बंदीनेच लागली असावी. आता मात्र तो वास आला की डोळ्यांसमोर फुले येत नाहीत. एक लाल पडदा येतो. संगणकाच्या चौकटीत काठोकाठ भरलेला, वर पांढऱ्या अक्षरांत इशारा लिहिलेला.

माझे काम थोडक्यात सांगते. त्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे का, ही शंका अजूनही जात नाही. मी या क्षेत्रात फार उशिरा आले. निपाणीजवळच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होते. विषय बंद झाला, यजमानांची बदली बेंगळुरूला झाली, आणि केसांत चांदी दिसू लागलेल्या वयात मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन संगणकसुरक्षा शिकले. वर्गात सगळ्यांत शेवटच्या बाकावर बसत असे. शिकवायला जो होता तो माझ्या विद्यार्थ्यांहून लहान होता. नंतर कोरमंगलात एका लहानशा होस्टिंग कंपनीत मला घेतले. छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइटना आपल्या सर्व्हरवर जागा देणे हा कंपनीचा धंदा. त्या जागेवर पहारा ठेवणे हे माझे काम.

एका सर्व्हरवर कितीतरी वेबसाइट नांदतात. एका वठारात, इकडच्या चाळीत, अनेक बिऱ्हाडे असावीत, तसे. दिवसभर कोणी ना कोणी येऊन कड्या हलवून पाहतो. येणारी माणसे नसतात, माणसांनी सोडलेली यंत्रेच असतात. त्यांना कंटाळा येत नाही. ज्या प्रणालीवर या वेबसाइट चालतात तिच्यात अधूनमधून एखादे भोक सापडते, आणि ते बुजवण्यासाठी दुरुस्ती प्रसिद्ध होते. गंमत अशी की दुरुस्ती जाहीर होते त्याच क्षणी भोकही जाहीर होते. तिथून पुढे शर्यत असते. आपण आधी बुजवतो की चोर आधी शिरतो, एवढाच प्रश्न. नोंदींच्या रांगांत धूर शोधायचा आणि अग्नीचे अनुमान करायचे. तर्कशास्त्राचा एवढाच उपयोग आयुष्यात झाला. आणि काम चोख झाले तर काहीच घडत नाही. काही न घडल्याबद्दल कोणी आभार मानत नाही. मला ते बरे वाटे. आभार मानले की काय बोलावे, हे मला आजही सुचत नाही.

कृष्णोजीअण्णांनी मात्र आभार मानले होते, आणि तेही काम सुरू होण्याआधी.

ते विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीचे. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे आले, असे ते सांगत. त्यापुढचा इतिहास कन्नडमध्येच सांगत. ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन पपनसे होती, आणि त्यांची नात चैत्रा सोबत होती. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली.

"निपाणीच्या काय तुम्ही? मग आमची मराठी ऐकून हसू नका. आमची मराठी म्हणजे स्वल्प मराठी, बाकी सगळी चटणी."

मी हसले नाही. हसायचे होते, पण धीर झाला नाही. त्यांनी पपनस माझ्या टेबलावर ठेवले, एखादे तान्हे मूल ठेवावे तसे.

देवनहळ्ळीचे पपनस ज्यांनी खाल्ले नाही त्यांना त्याची कल्पना देणे कठीण आहे. बाहेरून जाड, हिरवट-पिवळे, काहीसे मठ्ठ दिसणारे फळ. साल सोलताना बोटांना तेल लागते आणि खोलीभर एक कडवट-गोड दरवळ उठतो. आत गुलाबी पाकळ्या. अण्णांच्या घरामागे अशी जुनी झाडे होती. आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट पडून लेआउट होऊन गेले होते. त्यांच्या कुंपणापलीकडे पांढऱ्या दगडांनी आखलेले रिकामे रस्ते थेट क्षितिजापर्यंत गेले होते, आणि डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान उतरत असे. अण्णांचा मुलगा सर्जापूर रोडला राहणारा, नोकरदार. जमीन लेआउटवाल्यांना विकावी असे त्याचे म्हणणे. बापलेकांत एक करार झाला होता: गणेशचतुर्थी ते दिवाळी या एका हंगामात चैत्राने तयार केलेल्या वेबसाइटवरून, दलालाविना, फळ विकून दाखवायचे. विकले तर झाडे राहतील. नाही विकले तर अण्णा सही करतील.

"बाप्पा मनाचा मोठा आहे," अण्णा मुलाविषयी कौतुकानेच सांगत. "एक हंगाम दिला त्यानं मला. कोण देतं सांगा?"

वेबसाइट साधी होती. वर एक छायाचित्र: सगळ्यांत जुने झाड, त्याला टेकवलेली लाकडी शिडी, आणि शिडीला हात लावून उभे असलेले अण्णा. खाली फळांची माहिती आणि मागणी नोंदवण्याची जागा. पहिल्या पंधरवड्यात मागण्या इतक्या आल्या की अण्णांनी मला फोन करून सांगितले, "अक्का, झाडं राहिली म्हणून समजा."

त्या वर्षीच्या आयुधपूजेची दुपार मला बारीकसारीक तपशिलांसह आठवते. आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यात काचेच्या कपाटात कंपनीचा पहिला सर्व्हर ठेवलेला आहे. सगळे त्याला 'आजोबा' म्हणतात. तो केव्हाच बंद पडला. कंपनीचे चालते सर्व्हर व्हाइटफील्डच्या बाजूला, दुसऱ्याच कोणाच्या भाड्याच्या थंडगार गोदामात आहेत, आणि आमच्यापैकी बहुतेकांनी ते कधी पाहिलेले नाहीत. पूजा आजोबांची होते. त्या दिवशीही त्यांना शेवंतीची जाडजूड माळ घातली होती, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले होते. प्रत्येकाच्या कीबोर्डवर हळदकुंकवाचे बोट उमटले होते. चुरमुरे, फुटाणे आणि बत्तासे यांच्या पुड्या हातोहात फिरत होत्या. कंपनीचा मालक निरंजन हा पुण्याचा तरुण, गोड बोलणारा. त्याने राउटरसमोर एक लिंबू ठेवले आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "अक्का, हे आपलं ओरिजिनल फायरवॉल!"

सगळे हसले. मीही हसले, कारण विनोद खरोखर चांगला होता.

मग मी त्याच्याजवळ जाऊन सांगितले की आदल्या दिवशी एक दुरुस्ती प्रसिद्ध झाली आहे, भोक मोठे आहे, आणि ती आजच लावायला हवी. सकाळी लेखी कळवले होते. आता तोंडी सांगितले. त्याच्या मंजुरीशिवाय ती लावण्याची सोय नव्हती.

"अक्का, पूजा झालीय आता," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत कीबोर्डला हात नाही लावायचा. ट्रेडिशन आहे आपली."

"पण ते सर्व्हर इथे नाहीतच."

"भाव महत्त्वाचा, अक्का!"

"मशीनला पण वीक ऑफ द्या की, मॅडम," मागून कोणीतरी म्हणाले, आणि पुन्हा हशा उठला.

मी पुन्हा एकदा म्हणाले. माझा आवाज मुळातच लहान. तो चुरमुऱ्यांच्या पुड्यांच्या खुळखुळाटात विरला. मला तेव्हाही कळत होते आणि आता तर पुरतेच कळते की त्या खोलीत त्या बंदीवर कोणाचीच श्रद्धा नव्हती. दुरुस्ती लावली की एखाददुसरी वेबसाइट अडखळते, गिऱ्हाइकांचे फोन येतात, आणि फोन घ्यायला सुट्टीच्या दिवशी कोणीतरी बसावे लागते. देव मध्ये आला तो सोयीपुरता. लहानपणी ज्या बंदीने मला पुस्तकाची ओढ लावली, तीच बंदी इथे अंग काढून घेण्याची सबब झाली होती.

विजयादशमीच्या सकाळी अण्णांचा फोन आला.

"अक्का, हब्बाबद्दल शुभेच्छा. एक विचारू काय? बागेत जायला गेलं की जुगार उघडतो म्हणून लोक सांगतात. हे काय असतं?" 'हब्ब' म्हणजे सण, घाबरले की त्यांची कन्नड अशी मध्येच डोकावे.

"तुम्हाला काय दिसतं, अण्णा?"

"चैत्राच्या मोबाइलवर पाहिलं, तिथं सगळं सरी, बरोबर आहे की. झाड आहे, मी आहे. कम्प्युटरला तर कालपासून हात लावला नाही, माळ घातली आहे."

असे मालवेअर, म्हणजे चोरून शिरणारी घातकी प्रणाली, मी अभ्यासक्रमात शिकले होते. भेट प्रथमच होत होती. ते घरच्यांना दिसत नाही. वेबसाइटचा मालक, तिथे नेहमी ये-जा करणारे, यांना ते ओळखते आणि त्यांच्यापुढे सभ्यपणे बाजूला होते. शोध घेत पहिल्यांदा येणारा परका आला की त्यालाच पकडते. मी माझ्या फोनवर बाग शोधली आणि उघडली. झाड क्षणभर चमकले आणि त्याच्या जागी एक रंगीत चक्र गरगरू लागले. नाणी पडल्याचा आवाज आला. यजमान दसऱ्याची बन्नीची, म्हणजे शमीची, पाने घेऊन दारात उभे होते. मी त्यांना हातानेच थांबवले.

दुपारपर्यंत ब्राउझरवाल्यांनी बागेवर लाल पडदा टाकला. ही जागा धोकादायक आहे, परत फिरा. तो मात्र अण्णांनाही दिसला. माळ काढून त्यांनी संगणक सुरू केला तेव्हा पहिले दर्शन त्याचेच झाले.

पुढचे काम मी केले, आणि ते चोख केले, एवढे म्हणण्याची मुभा घेते. चोर त्याच भोकातून आला होता. शेजारच्या, कोणी कधी न उघडणाऱ्या एका ओसाड वेबसाइटमधून तो वठारात शिरला आणि मग बिऱ्हाडामागून बिऱ्हाड घेत गेला. साळसूद नावांच्या फायलींत त्याने स्वतःला लपवले होते. एक काढली की दुसरी तिला पुन्हा जन्म देई. सगळे निपटून झाले. पण लाल पडदा आपल्या हाताने काढता येत नाही. अर्ज करावा लागतो, तपासणीची वाट पाहावी लागते, आणि पडदा गेल्यावरही लोक परत येत नाहीत. एकदा ज्या दारावर तसे लिहिले गेले, तिथे मुलाबाळांसाठी फळ कोण मागवणार?

पपनस टिकाऊ फळ आहे. पण झाडावर प्रमाणाबाहेर राहिले की आतून कोरडे पडते. बाहेरून तसेच गोल, तसेच तेजाळ. सोलल्यावर आत नुसता भुसा.

मी अहवाल लिहिला. दुरुस्ती उपलब्ध होती, ती लावली गेली नाही, भोक आमच्या बाजूचे होते. अहवाल वाचून निरंजनने मला बोलावले.

"एकदम थरो आहे, अक्का. पण क्लायंटला इतकं टेक्निकल झेपत नाही. आपण सिंपल ठेवू."

गिऱ्हाइकांना जो खुलासा गेला त्यात होते, काही ग्राहकांच्या कमकुवत पासवर्डमुळे हा प्रकार घडला. कंपनीने तत्परतेने उपाय केला आहे.

"त्यांचा पासवर्ड कोणी फोडला नव्हता," मी म्हणाले.

"अक्का, कुठला तरी पासवर्ड वीक असतोच की. आपण कुणाचं नाव थोडंच घेतलंय?" तो प्रेमाने म्हणाला. "तुम्ही फार मनाला लावून घेता. टीचर होता ना, म्हणून."

त्या रविवारी मी बसने देवनहळ्ळीला गेले. नोकरी जाईल, ही भीती वाटेत होतीच. उशिरा आलेल्याला दुसरे दार सहसा उघडत नाही. पण एका माणसाला तरी खरे सांगायला हवे होते.

अण्णा झाडाखाली बसले होते. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी हात जोडले.

"माझीच चूक, अक्का. पासवर्डात चैत्राचं नाव घातलं मी. शिकलेलं पोर सांगत होतं, अज्जा, असं करू नको. माझ्यामुळं तुमच्या कंपनीला किती त्रास झाला असेल!"

मी नाही म्हटले. सगळे सांगितले, दुरुस्ती, पूजा, बंदी, आमचे भोक. ते पपनस सोलत ऐकत होते. साल एकाच लांब पट्टीत उतरत होती.

"पूजेच्या दिवशी हात लावला नाही म्हणून झालं, एवढंच काय?"

"हो, अण्णा."

त्यांनी झाडाला टेकलेल्या शिडीकडे पाहिले. तिच्या प्रत्येक पायरीवर हळदकुंकवाची बोटे अजून होती.

"मग बिडी, सोडा, अक्का. जाऊ दे. मी तरी कुठं त्या दिवशी शिडी चढलो? आयुधाला एक दिवस विश्रांती नको काय? त्यासाठी फळ गेलं तर जाऊ दे. देवाचं काम आहे."

मला त्यांचा राग हवा होता. बसमध्ये मी त्या रागाची तयारी करून आले होते. त्यांनी मला एक गुलाबी पाकळी दिली, आणि ती हातात धरून मी राहिलेलेही सांगून टाकले: ज्या यंत्राला माळ घातली होती ते केव्हाचेच बंद पडलेले आहे. चालती यंत्रे दुसरीकडेच आहेत. त्यांच्यावर कोणी एक फूलही ठेवले नाही, आणि लक्षही.

अण्णांचा हात थांबला. वरून विमान गेले.

"मग तुम्ही पूजा कुणाची केली, अक्का?"

त्यांनी ते ओरडून विचारले नाही. त्यांना खरोखरच कळत नव्हते.

त्या हिवाळ्यात त्यांनी सही केली. झाडे तोडताना ते तिथे थांबले नाहीत, असे चैत्रा म्हणाली. आता ते मुलाकडे राहतात, सर्जापूर रोडला, आमच्या इमारतीपासून जवळच. मी अजून त्याच कंपनीत आहे. पूजेच्या काळात यंत्रांना हात न लावण्याच्या प्रथेला आता धोरण म्हणतात. त्याला एक भारदस्त इंग्रजी नावही मिळाले आहे.

यंदा हंगाम पुन्हा फिरून आला. काही दिवसांपूर्वी माळवालीच्या टोपलीपाशी अण्णा भेटले. अंग बरेच झडले आहे. त्यांच्याकडे आता पूजा करावी असे कोणतेही आयुध नाही. माळ मुलाच्या मोटारीसाठी होती.

"अक्का, एक आनंदाची गोष्ट," त्यांनी हळूच सांगितले. "वेबसाइटचं नूतनीकरण आम्ही सोडलं होतं की. गेली म्हणून बसलो होतो. परवा सहज नाव घातलं, तर झाड अजून आहे तिथं! शिडी आहे, मी आहे. खाली काहीतरी चक्र फिरतं, ते मी बघत नाही. वरचं तेवढं बघतो. रोज सकाळी."

मला काय झाले असावे ते तिथेच कळले. सोडून दिलेले नाव विकत मिळते. जुन्या, सचोटीच्या नावाला भाव असतो. जुगाराच्या धंद्यातल्या कोणीतरी बागेचे नाव उचलले होते, आणि वरचे छायाचित्र मुद्दाम ठेवले होते, कारण त्या चेहऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो. या वेळी मालवेअर लपून शिरले नव्हते. ते रीतसर घरमालक झाले होते.

हे मी अण्णांना सांगितले नाही. छायाचित्र उतरवून छापून देईन, असे मात्र म्हटले. त्यांनी मान हलवली. "फोटो आहे की घरी, चैत्राकडं. पण हे तिथं आहे ना."

आज आयुधपूजा. आजोबांना माळ घालून झाली आहे, लिंबू राउटरसमोर आहे, तोच विनोद यंदाही झाला आणि नव्या मुलांना तो नवा वाटला. माझ्या कीबोर्डवर कुंकवाचे ओले बोट आहे. धोकादायक जागांची आजची यादी स्कॅनरने सकाळीच समोर आणून ठेवली, आणि तिच्यात बागेचे नाव आहे. त्या चक्रावर लोक फसल्याच्या तक्रारी आहेत. माझी खूण पडली की नाव आमच्या पहाऱ्यात अडेल, वर ब्राउझरवाल्यांकडे जाईल, आणि लवकरच सगळीकडे तो लाल पडदा उतरेल. कोणाच्या फोनवर तो दिसावा आणि कोणाच्या नाही, हे ठरवण्याची सोय माझ्याकडे नाही.

मी पान एकदा उघडून पाहिले. शिडीला हात लावून अण्णा उभे आहेत. त्यांच्या पायांखाली चक्र फिरते आहे.

"अक्का, हात नका लावू! पूजा झालीय," निरंजन पलीकडून हसत ओरडला.

मी बटण दाबले. बोटाला कुंकू लागले. उद्या सकाळी अण्णा फोन हातात घेतील.